शरीराबाहेरचे, तरीही चालू असलेले यकृत

दात्याच्या शरीरातून काढलेले यकृत थंड द्रावणाने धुवायचे, पिशवीत ठेवायचे आणि बर्फाच्या पेटीतून रुग्णालयात न्यायचे, ही अनेक दशकांची रुळलेली पद्धत आहे. थंडीमुळे पेशींची प्राणवायूची गरज घटते, पण संपत नाही. ४ अंश सेल्सिअसलाही पेशींचा व्यवहार सुमारे एक दशांश वेगाने चालू असतो आणि प्राणवायूअभावी तंतुकणिकांत, म्हणजे पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांत, सक्सिनेट नावाचे रसायन साचत जाते. पुढे रुग्णाचे रक्त यकृतात शिरले, की हा साठा एकदम वापरला जातो आणि त्यातून निर्माण होणारे प्राणवायूचे विध्वंसक कण पेशींनाच इजा करतात. निरोगी यकृत हा आघात सोसते. चरबी साचलेले किंवा दात्याचे हृदय थांबल्यावर काढलेले यकृत मात्र त्यातून सावरेलच असे नसते.

माझ्या मते बर्फातल्या यकृताची मोठी अडचण वेगळीच आहे: ते काही सांगत नाही. शल्यविशारदाने त्याचा रंग पाहायचा, बोटांनी चाचपायचे, दात्याचे वय आणि आजार विचारात घ्यायचे आणि शेवटी अंदाजावर भिस्त ठेवायची.

यकृतात द्रव फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर मात्र ते बोलू लागते. ३७ अंशांचे, तांबड्या पेशी, प्राणवायू आणि पोषकद्रव्ये असलेले द्रव पंपाने त्यात दोन वाटांनी सोडतात: धमनीतून अधिक दाबाने, तर आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या शिरेतून कमी दाबाने. फिकट पडलेला अवयव तांबूस तपकिरी होतो, पित्तनलिकेत बसवलेल्या नळीतून पित्त ठिबकू लागते आणि यकृत काम करत असेल, तर फिरत्या द्रवातील लॅक्टेट, म्हणजे निरोगी यकृत साफ करते ते टाकाऊ रसायन, उतरत जाते. बर्मिंगहॅममधील गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतरांनी नाकारलेली ३१ यकृते अशी तपासली गेली. त्यांपैकी २२ कसोटीस उतरली आणि त्यांचे प्रत्यारोपण झाले. ते सर्व २२ रुग्ण ९० दिवसांनंतर हयात होते, मात्र पुढे चौघांच्या पित्तनलिका आक्रसल्या आणि त्यांना दुसरे यकृत बसवावे लागले.

म्हणजे यंत्राची कसोटीही पूर्ण नाही. पित्तनलिकांना रक्त मुख्यतः धमनीतूनच मिळते, त्यामुळे त्या यकृताच्या इतर भागांपेक्षा नाजूक ठरतात. त्यांच्यासाठी थंड यंत्र अधिक उपयोगी दिसते. यात सुमारे १० अंशांचे, प्राणवायूने समृद्ध द्रव किमान दोन तास फिरवले जाते, जेणेकरून रक्त येण्याआधीच तंतुकणिकांतील साठा हळूहळू निवळतो. हृदय थांबल्यानंतर मिळालेल्या यकृतांवरील २०२१ च्या, नेदरलँड्समधील संशोधकांच्या नेतृत्वाखालच्या चाचणीत पित्तनलिका आक्रसण्याचे प्रमाण बर्फाच्या पद्धतीत १८ टक्के, तर या पद्धतीत ६ टक्के आढळले.

झुरिकमधील संशोधकांनी त्याच वर्षी मुदतही ताणली. इतर केंद्रांनी नाकारलेले यकृत त्यांनी तीन दिवस यंत्रावर ठेवले, त्यावर प्रतिजैविकांचे उपचार केले, त्यातील संशयास्पद गाठ कर्करोगाची नाही याची खात्री करून घेतली आणि मगच ते रुग्णाला बसवले. बर्फाच्या पेटीत या तपासण्यांना पुरेसा अवधीच नसतो.