टेलच्या शेतापर्यंत पाणी का पोचायचं?

पाटपाण्यावरच्या कुठल्याही गावात जा, टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं गाऱ्हाणं ठरलेलं: वरचे लोक पाणी खाली येऊ देत नाहीत. वरच्यांची दानत खोटी असते असं नाही. पाणी बांधाला लागून वाहत असताना स्वतःचा ऊस वाळू देणं कुणालाही जड जाईल. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये गायरानाचं उदाहरण घेऊन म्हटलं होतं, की सगळ्यांचं ते शेवटी ओरबाडलंच जातं.

मग धुळे-नाशिककडची फड पद्धत तीनेकशे वर्षं टिकली कशी?

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. ते पाणी साठवायला नाहीत, वळवून पाटात घालायला आहेत. पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार भाग पाडायचे. एकेक भाग म्हणजे एक फड. एका हंगामात एका फडात एकच पीक, आणि पिकं फडाफडांतून फिरत राहायची. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असे. खरी गोम इथेच आहे. समजा चार फड आहेत आणि माझा प्रत्येकात एकेक एकर. नदीचं पाणी आटलं, पंचांनी एक फड कोरडा ठेवायचं ठरवलं, तर माझा एक एकर गेला. शेजाऱ्याचाही त्याच हिशेबाने गेला. वरचा आणि खालचा असे दोन पक्षच उरत नाहीत, कारण एका फडात वर असलेला दुसऱ्या फडात खाली असू शकतो.

यात पाण्याचीही बचत आहे. ऊस इथे एक वाफा, तिथे एक वाफा असा विखुरला, तर तेवढ्यासाठी सगळ्या चाऱ्या, म्हणजे पाटातून शेतात पाणी नेणाऱ्या लहान नाल्या, ओल्या ठेवाव्या लागतात आणि वाटेतच पाणी मुरतं. सलग फडात तेवढीच चारी चालवली की भागतं.

रोजचं काम पाटकरी बघत, राखणीला जागल्या असे. त्यांना मोबदला शेतकरीच देत, पुष्कळदा धान्याच्या रूपात. म्हणजे पाणी वाटणारा ज्यांना पाणी देई, त्यांनाच बांधील. स्पेन, फिलिपिन्समधल्या जुन्या सिंचनव्यवस्था तपासून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये हेच मांडलं: नियम वापरणाऱ्यांच्या हातात आणि राखणदार त्यांना जबाबदार असेल, तर सामायिक साधन टिकू शकतं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

‘गावात एकी होती म्हणून जमलं’ हे स्पष्टीकरण मला अर्धवट वाटतं. एकी जमिनीच्या आखणीतच बसवलेली होती. म्हणूनच आखणी ढिली झाली तशी ती विरत गेली. वर धरणं झाली, नदीचं वाहणं बदललं, खाली विहिरी आणि मोटारी आल्या. मळ्यात मोटार बसलेला शेतकरी पंचांशी भांडत नाही. पाटातला गाळ काढायच्या दिवशी तो फक्त येत नाही.