हाडाच्या जंतुसंसर्गातली शुश्रूषा कशी घडत गेली

हाडात पू झालेला पेशंट वॉर्डात आला की तो लवकर घरी जात नाही, हे ऑर्थोपेडिक वॉर्डातली कुठलीही जुनी सिस्टर सांगेल. पाच-सहा आठवडे कॉटवर, मग घरी, आणि वर्षा-दोन वर्षांनी ‘जखम पुन्हा वाहायला लागली’ म्हणून परत त्याच वॉर्डात. याचं कारण हाडाच्या घडणीतच आहे. हाड कठीण असतं, त्यामुळे आत पू झाला तर त्याला फुगायला जागा मिळत नाही. दाब वाढतो, रक्तवाहिन्या दबतात आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. मेलेल्या तुकड्यात रक्त जात नाही, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशीही पोहोचत नाहीत आणि शिरेतून दिलेलं औषधही पोहोचत नाही. जंतू तिथे दबा धरून बसतात. बाहेर नासूर होतो आणि तो कधी बंद, कधी वाहता असा वर्षानुवर्षं चालतो.

इतक्या लांबणाऱ्या दुखण्यात सर्जनचा हात तासा-दोन तासांचा. बाकीचा सगळा काळ ड्रेसिंग करणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, औषधाची वेळ सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात असतो. या आजाराचा इतिहास सहसा सर्जन आणि औषधांच्या अंगाने लिहिला जातो. तो शुश्रूषेच्या अंगानेही पाहायला हवा, कारण त्याशिवाय तो अर्धाच राहतो.

आपल्या वैद्यकाला हे फार पूर्वी कळलं होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी काय हवं तेही दिलं आहे: उपचारांची माहिती, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. यातली स्वच्छता कशापासून राखायची, हे मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत जगात कुणालाच नेमकं माहीत नव्हतं. तोवर हाड कातडी फोडून बाहेर आलं की जखम सडणार हे धरूनच चालत, आणि जीव वाचवायचा तर पाय कापायचा.

ऑगस्ट 1865 मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात अकरा वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून गेल्याने नडगीचं हाड मोडून जखम उघडी पडली होती. जोसेफ लिस्टरने त्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. सहा आठवड्यांनी हाड सांधलं आणि मुलगा स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी गेला. पुढे 1880 मध्ये लुई पाश्चरला गळवातल्या पुवात जे जंतू दिसले, तेच हाडातल्या पुवातही सापडले. त्याच सुमारास अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश सर्जनने त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं. हाडाच्या जंतुसंसर्गात आजही सगळ्यात जास्त वेळा हाच जंतू सापडतो.

या शुश्रूषेला स्वतंत्र रूप मात्र एका पेशंटनेच दिलं. अॅग्नेस हंटचा जन्म 1866 चा, इंग्लंडमधला. लहानपणी टाचेला फोड आला, तो चिघळला, विष रक्तात गेलं आणि खुब्याच्या हाडात संसर्ग झाला. त्या काळी अशी मुलं बहुधा दगावत. अॅग्नेस वाचली, पण जन्मभर अधू राहिली. तरीही हट्टाने नर्सिंग शिकली आणि 1900 मध्ये श्रॉपशरमधल्या बॅसचर्च या खेड्यात अपंग मुलांसाठी एक निवास सुरू केला. घराला जिने होते. प्लास्टरमधल्या मुलांना उचलून वर-खाली नेणं जिकिरीचं, म्हणून बागेत एका बाजूने उघड्या शेड उभारल्या आणि मुलांच्या खाटा तिथे हलवल्या. हाडांच्या क्षयाची ही मुलं उघड्या हवेत सुधारताना दिसली आणि सोयीसाठी केलेली गोष्ट उपचाराचा भाग झाली.

लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स यांच्याकडे सुरुवातीला मुलांना ढकलगाडीत निजवून आगगाडीने न्यावं लागे. नंतर जोन्स स्वतःच बॅसचर्चला येऊन शस्त्रक्रिया करू लागले. त्यांचे नातलग आणि गुरू ह्यू ओवेन थॉमस यांची शिकवण होती की दुखऱ्या सांध्याला विश्रांती द्यायची ती सक्तीची, अखंड आणि दीर्घ. ही विश्रांती सर्जन लिहून देतो. ती दिवसरात्र पाळली जाते की नाही हे बघायला माणूस लागतं. हंटबाईंनी ते काम शास्त्रशुद्ध केलं. मूल घरी गेल्यावर काय, याचाही विचार करून 1907 पासून आसपासच्या गावांत पाठपुराव्याची केंद्रं सुरू केली. आज सरकारी रुग्णालयात ‘फॉलोअपला या’ असं कागदावर लिहून दिलं जातं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ही बाई फॉलोअप पेशंटच्या गावात घेऊन गेली होती, याचं मला आजही अप्रूप वाटतं. 1921 मध्ये संस्था ऑसवेस्ट्रीला हलली. तिथल्या रुग्णालयाला आता जोन्स आणि हंट दोघांचंही नाव आहे.

पहिल्या महायुद्धाने चित्र पालटलं. खंदकातल्या शेणामातीने बरबटलेल्या जखमा, आत धातूचे तुकडे आणि चुरा झालेली हाडं. फ्रान्समध्ये काँपियेन्यच्या रुग्णालयात सर्जन अलेक्सी कारेल आणि रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन यांनी 1915 मध्ये नवी पद्धत बसवली. सोडियम हायपोक्लोराइटचं साधारण अर्धा टक्क्याचं द्रावण, जखमेच्या कानाकोपऱ्यात सोडलेल्या बारीक भोकांच्या रबरी नळ्या आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्यातून द्रावण सोडणं. द्रावण ताजं हवं, नाहीतर त्याचा जोर जातो. तीव्रता जास्त झाली तर कातडी भाजते, म्हणून जखमेभोवती व्हॅसलिन लावलेलं गॉज गुंडाळायचं. जखमेतला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जंतू मोजायचे आणि ते जवळजवळ नाहीसे झाल्यावरच जखम शिवायची. हे सगळं नर्सेसच्या जिवावर चालत होतं. एका वॉर्डात अशा वीस जखमा असतील तर दोन तासांचं एक चक्र संपेपर्यंत दुसरं सुरू झालेलं असे.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतल्या नेब्रास्काचे सर्जन विनेट ऑर होते. त्यांचं म्हणणं, जखम वारंवार उघडल्यानेच नवे जंतू आत जातात आणि हाड हलतं. एकदा नीट साफ करा, व्हॅसलिन गॉज भरा, वरून प्लास्टर घाला आणि आठवडेच्या आठवडे हात लावू नका. स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाच्या जोसेप ट्रुएटा यांनी याच वाटेने जाऊन अनेक हातपाय वाचवले. प्लास्टर आतून भिजे, वॉर्डात उभं राहवणार नाही इतकी दुर्गंधी सुटे. अशा वेळी सिस्टरचं काम दुर्गंधी सोसण्यापुरतं नव्हतं. बोटांचा रंग, बोटं हलतात का, ताप कसा चढतो, भूक आहे का, यावरून आतली जखम न बघता ओळखायची होती. दोन्ही पद्धतींत गुण होते असं माझं मत आहे. स्थिर ठेवलेलं हाड आणि स्वच्छ केलेली जखम ही दोन्ही सूत्रं आजच्या उपचारात टिकून आहेत.

1920 आणि 1930 च्या दशकांत अळ्यांचाही प्रयोग झाला. बाल्टिमोरचे विल्यम बेअर यांनी युद्धात अळ्या पडलेल्या जखमा आश्चर्यकारक स्वच्छ पाहिल्या होत्या. पुढे त्यांनी हाडाच्या जुनाट संसर्गाच्या मुलांवर तो उपचार केला. सुरुवातीला धनुर्वात झाल्यावर अळ्यांची अंडी निर्जंतुक करण्याची पद्धत त्यांनी बसवली. जखमेवर बारीक जाळी बसवणं, अळ्या बाहेर पडू न देणं आणि भेदरलेल्या मुलाची समजूत काढणं, हे काम कुणाच्या वाट्याला आलं असेल ते सांगायला नको.

महाराष्ट्रात याच काळात शुश्रूषा हा शिकायचा, सन्मानाचा पेशा व्हावा म्हणून झगडा चालू होता. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या मुली, त्यात अनेक विधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकल्या. परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावायचा म्हणून घराघरांतून विरोध होता. मिरजेला विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाने रुग्णसेवेची मोठी परंपरा उभी केली. जवळच्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं.

आपल्याकडे हाडाचा संसर्ग म्हटला की क्षय विसरून चालत नाही, विशेषतः मणक्याचा. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध येण्याआधी असे पेशंट महिनोन्‌महिने प्लास्टरच्या साच्यात निजून राहत. त्यांना कुशीवर वळवायचं ते तिघांनी मिळून, डोकं, कंबर आणि पाय एकाच सरळ रेषेत ठेवून. एकाने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि तिघांनी एकदम वळवायचं. मणका मधेच पिळला गेला तर पाय लुळे पडू शकतात. पाठ उघडी झाली की माकडहाड आणि टाचा बघायच्या, लाली दिसली तर त्या जागेवरचा भार काढायचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लिहून ठेवलं आहे की बेडसोर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो. तिचं हे म्हणणं कडक वाटतं, पण त्याची झळ सगळ्यात जास्त याच वॉर्डात बसते. 1975 मध्ये वाराणसीचे हाडांचे सर्जन एस. एम. तुली यांनी ‘मधला मार्ग’ मांडला: औषधांवर भर, आणि शस्त्रक्रिया गरजेपुरतीच. त्यामुळे अनेकांची मोठी शस्त्रक्रिया टळली. औषधं महिनोन्‌महिने चुकू न देण्याची जबाबदारी मात्र वाढली.

पेनिसिलिन आलं तेव्हा शुश्रूषेचं काम कमी होईल असं वाटलं असेल. मुलांच्या तीव्र संसर्गात पूर्वी पाचातलं एक मूल दगावे, तो आकडा झपाट्याने खाली आला. पण ते सुरुवातीचं पेनिसिलिन लघवीवाटे भराभर निघून जाई. म्हणून दर तीन-चार तासांनी इंजेक्शन, आणि त्यासाठी काचेच्या सिरिंज आणि सुया उकळून तयार ठेवणं, रात्री दोनला मुलाला उठवणं, कालची जागा सोडून आज दुसरीकडे टोचणं. त्यात स्टॅफिलोकॉकसने लवकरच दाद देणं बंद केलं. 1959 मध्ये मेथिसिलिन हे नवं औषध आलं आणि 1961 मध्ये त्यालाही न जुमानणारा जंतू ब्रिटनमध्ये सापडला. रुग्णालयातच पसरणाऱ्या, पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमुळे त्याआधीच, 1959 मध्ये, इंग्लंडच्या टोर्बे रुग्णालयात संसर्ग-नियंत्रणासाठी पहिल्यांदा स्वतंत्र सिस्टर नेमली गेली. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात दिसणाऱ्या ‘इन्फेक्शन कंट्रोल नर्स’ या पदाची सुरुवात ती.

1970 नंतरच्या बदलांवरून भरभर जाता येईल. अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे तारेत ओवलेले मणी जखमेत ठेवले जाऊ लागले, जखमेवर फोम लावून हवा शोषून घेणारं ड्रेसिंग आलं. इलिझारोव्हची रिंग, म्हणजे हाडात आरपार घातलेल्या सळयांना बाहेरून जोडलेली धातूची कडी, मात्र थोडं थांबून पाहण्यासारखी. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये जन्मलेली ही पद्धत कुजलेलं हाड काढून मधली पोकळी नव्या हाडाने भरून काढते. त्यासाठी नट दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर फिरवायचा. हे काम पेशंट किंवा त्याची बायको घरी करते, आणि कुठला नट, कुठल्या दिशेने, हे शिकवते सिस्टर. खुणेसाठी नटावर मार्करने रेघ ओढून देतात. सळई कातडीत शिरते तिथे खपली साचू द्यायची नाही, लाली-पाणी दिसलं तर लगेच यायचं, हेही तीच शिकवते.

2019 मध्ये ब्रिटनमध्ये हजारावर पेशंटवर झालेल्या ‘ओव्हिवा’ या अभ्यासात दिसलं की पहिल्या आठवड्यातच तोंडी गोळ्यांवर आणलं तरी निकाल शिरेतून औषध देण्याइतकेच चांगले येतात. सलाईनची सहा आठवड्यांची सक्ती त्यामुळे ढिली होते आहे. पेशंट घरी लवकर जाईल हे चांगलंच. पण घरी गेलेल्या पेशंटकडे बघणारी, हंटबाईंनी उभारली तशी व्यवस्था आपल्या तालुक्यांत नाही. गोळ्या मधेच सोडल्या, साखर वाढली, नासूर पुन्हा उघडला, हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

2021 च्या कोविड लाटेनंतर महाराष्ट्रातल्या नर्सेससमोर हाडाचा संसर्ग वेगळ्याच रूपात आला. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, जबड्याच्या आणि डोळ्याच्या खोबणीच्या हाडात शिरत होती. वरचा जबडा काढलेल्या पेशंटला नाकातल्या नळीने भरवायचं, तोंडातल्या पोकळीतलं गॉज बदलायचं. अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सलाईनमध्ये मिसळायचं नाही, डेक्स्ट्रोजमध्येच. ते तासन्‌तास सावकाश सोडायचं आणि थंडी वाजून हुडहुडी भरते का ते बघायचं. रोजच्या रोज पोटॅशियम आणि किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टरांना वेळेवर सांगायचं. यातल्या कितीतरी जणी नेहमी मेडिसिन किंवा कान-नाक-घशाच्या वॉर्डात काम करणाऱ्या होत्या, आणि हाडाच्या पेशंटची ही लांबलचक शुश्रूषा त्या ड्युटीवरच शिकल्या.