महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती

महाराष्ट्रभर शाखा असलेली, स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या बळावर चालणारी पुरोगामी संघटना. ‘अंनिस’ या नावाने ती ओळखली जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली सहकाऱ्यांसह ती स्थापन केली. त्याआधी ते श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीत काम करत. दोन्ही संघटना वेगळ्या आहेत, पण वर्तमानपत्रांच्या बातम्यांत त्यांची अनेकदा सरमिसळ होते.

शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि समाजपरिवर्तनाच्या इतर चळवळींशी नाते, ही समितीच्या कामाची सूत्रे. पहिल्या सूत्रातला ‘शोषण’ हा शब्द मोलाचा आहे. कुणी देव मानतो की नाही, याच्याशी समितीचे भांडण नाही. देवाच्या नावाने कुणी लुबाडत असेल, मारहाण करत असेल, आजाऱ्याला दवाखान्यात जाऊ देत नसेल, तर तिथे ती उभी राहते. देव मानणारे अनेक जणही या कामात आले ते या भूमिकेमुळेच.

दाभोलकरांचा जन्म 1 नोव्हेंबर 1945 रोजी साताऱ्यात झाला. मिरजेला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी सुमारे बारा वर्षे साताऱ्यात दवाखाना चालवला. ते कबड्डीचे नावाजलेले खेळाडू होते, शिवछत्रपती पुरस्कार त्यांना मिळाला होता. बाबा आढाव यांच्या अस्पृश्यतेविरुद्धच्या ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळीने त्यांना सामाजिक कामाकडे ओढले. 1998 पासून अखेरपर्यंत ते ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते. प्रा. एन. डी. पाटील यांनी अनेक वर्षे समितीचे अध्यक्षपद सांभाळले. डॉ. श्रीराम लागू यांच्यासारखा नट गावोगावच्या व्यासपीठांवर बसून देव-धर्मावर खुल्या चर्चा करत असे. शाखा मात्र चालवल्या त्या शिक्षक, प्राध्यापक, वकील, डॉक्टर अशा पोटापाण्याचा उद्योग सांभाळणाऱ्या माणसांनी.

समितीचे सर्वांत ओळखीचे काम म्हणजे चमत्कारांचे सादरीकरण. शाळेच्या पटांगणात कार्यकर्ता नारळावर पाणी शिंपडतो आणि नारळ पेटतो. मुले टाळ्या वाजवतात. मग तो शेंडीत दडवलेला सोडियमचा तुकडा दाखवतो आणि पाणी लागताच त्याचे काय होते ते समजावतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करणे, जिभेवर कापूर जाळणे हे प्रयोगही असेच. आधी डोळे विस्फारायला लावायचे, मग कारण उलगडायचे, हा क्रम ठरलेला. सप्टेंबर 1995 मध्ये गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा पृष्ठताण म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरचा ताण काय करतो हे कार्यकर्त्यांनी चमचा आणि भांडे हातात घेऊन लोकांना दाखवले.

भानामतीचे काम याहून अवघड आणि नाजूक. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात, अन्नात राख सापडते. घाबरलेले घर मांत्रिकाकडे धावते, शेजारच्या कुणा बाईवर संशय येतो आणि ती जिवाला मुकण्याची वेळ येते. कार्यकर्ते त्या घरी जातात, प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात, कोणती गोष्ट कधी घडली आणि तेव्हा कोण कुठे होते हे विचारतात. हे प्रकार करणारी व्यक्ती बहुधा घरातलीच निघते. अनेकदा ती मनात कोंडमारा सोसणारी सून किंवा मुलगी असते. तिचे नाव गावासमोर उघड करायचे नाही, हा दंडक आहे. तिला विश्वासात घेऊन प्रकार थांबवतात आणि गरज असेल तर मानसोपचाराची वाट दाखवतात. एका बाईला करणीवाली ठरू द्यायचे नाही आणि दुसरीला गुन्हेगार ठरवायचे नाही, यातली माणुसकी मला या संघटनेचे खरे बळ वाटते.

देवीची जट म्हणून वर्षानुवर्षे डोक्यावर ओझे वागवणाऱ्या बायकांची समजूत घालून ती कापणे, ‘होळी लहान, पोळी दान’ म्हणत गोळा केलेल्या पुरणपोळ्या वस्त्यांवर पोचवणे, नदी राखण्यासाठी विसर्जित गणेशमूर्ती आणि निर्माल्य दान मागणे, असे अनेक उपक्रम चालतात. ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ हे समितीचे मासिक. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून समितीने 2000 साली आंदोलन केले होते. तो प्रवेश 2016 साली खुला झाला.

जादूटोणाविरोधी कायद्याचा लढा सर्वांत दीर्घ. 2003 मध्ये मसुदा तयार झाला. पुढची दहा वर्षे त्यावर आक्षेप, दुरुस्त्या, मोर्चे आणि अपप्रचार चालू राहिला. या कायद्याने वारी बंद होईल, घरातली पूजा गुन्हा ठरेल, असेही पसरवले गेले. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. मसुद्यासाठी झिजलेला माणूस तो पाहायला नव्हता, हे आजही सलते.

या कायद्याच्या अनुसूचीत 12 कृत्ये आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, नरबळी, कुणाला करणी करणारा ठरवून छळणे, साप-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून अडवणे ही त्यांतली काही. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही, हे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. पुढे कर्नाटक आणि गुजरातनेही असे कायदे केले. जातपंचायतींच्या जाचाविरुद्धच्या समितीच्या मोहिमेतून सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याच्या मागणीला जोर आला. हा कायदा 2017 पासून लागू आहे.

खुनाच्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने 10 मे 2024 रोजी दोन मारेकऱ्यांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. दाभोलकरांनंतर अविनाश पाटील, तसेच त्यांची मुले मुक्ता आणि डॉ. हमीद दाभोलकर यांच्यासह अनेकांनी काम पुढे नेले. नंतर संघटनेत नेतृत्वावरून मतभेदही झाले. 20 ऑगस्ट हा दिवस देशभरातल्या विज्ञानप्रसारक संघटना वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळतात. जादूटोणाविरोधी कायद्याचे नियम तयार करावेत आणि पोलीस ठाण्यांतल्या दक्षता अधिकाऱ्यांना नीट प्रशिक्षण द्यावे, या मागण्या समिती सातत्याने करत आली आहे.