रिपोर्ट नॉर्मल, तरीही आजारी

न जाणारा थकवा, अंगदुखी, तळपायांची जळजळ, चक्कर किंवा एका पायातली ताकद गेल्याची जाणीव, अशी लक्षणे घेऊन माणूस एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात राहतो, फाइल जाडजूड होत जाते आणि शेवटी ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ एवढेच पदरात पडते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो; रुग्णाला मात्र ‘तुम्हाला काही झालेलेच नाही’ असे ऐकू येते आणि त्या दिवसापासून लक्षणांबरोबरच आपण खरे बोलत आहोत हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याला वाहावे लागते. ज्या गोष्टी शोधल्या त्या सापडल्या नाहीत, एवढेच नॉर्मल रिपोर्ट सांगतो. काय शोधले आणि कशाने शोधले, हा प्रश्न त्यापुढे विचारायलाच हवा.

तळपायांच्या जळजळीचेच पाहू. अशा रुग्णाची सहसा एनसीव्ही ही तपासणी होते, म्हणजे त्वचेवर विजेचा हलका झटका देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजले जाते. ही तपासणी प्रामुख्याने जाड तंतूंची असते. त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि त्यांच्यातून संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने धावतो. जळजळीची वेदना वाहून नेणारे सर्वांत बारीक तंतू मात्र उघडे असतात, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो आणि त्यांचा क्षीण संदेश या यंत्राच्या टप्प्यातच येत नाही. कांदे तोलायच्या काट्यावर सोने ठेवले आणि काटा हलला नाही, तर सोने नाही असे आपण म्हणत नाही. हे बारीक तंतू पाहायचे असतील तर घोट्याच्या वर त्वचेचा तीनेक मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची संख्या मोजावी लागते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील ॲन लुईस ओकलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहणाऱ्या आजाराच्या, २७ रुग्णांमध्ये हेच केले, तेव्हा सुमारे ४१ टक्के रुग्णांमध्ये बारीक तंतूंची हानी दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या व्यक्तींमध्ये हे प्रमाण ३ टक्के होते. फायब्रोमायल्जियाचे सगळे कोडे यातून सुटत नाही, पण ज्यांना वर्षानुवर्षे ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवले जात होते, त्यांतल्या काहींच्या त्वचेत मोजता येण्याजोगा बिघाड होता.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाठदुखी नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या मणक्यांच्या प्रतिमांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये दिसत होती, आणि दुखत तर कोणालाच नव्हते. रक्ताच्या चाचण्यांतही हेच घडते. निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के ज्या मर्यादेत बसतात तिला साधारणपणे नॉर्मल म्हटले जाते. त्यामुळे परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचीही निदान एक चाचणी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ‘सगळ्या टेस्ट करून टाका’ या आग्रहाने उत्तर मिळण्याऐवजी एखादा खोटा धागा हाती लागतो आणि त्याच्या मागे आणखी सहा महिने जातात.

काही आजारांत तर रचना शाबूत असते आणि काम बिघडलेले असते. पाय अचानक लुळा पडलेला रुग्ण पाठीवर झोपलेला आहे असे समजा. डॉक्टर त्याच्या टाचेखाली हात ठेवून टाच खाली दाबायला सांगतात. पायात जोर येत नाही. मग चांगला पाय वर उचलायला सांगून ते त्याला वरून विरोध करतात, आणि त्याच क्षणी लुळ्या पायाची टाच त्यांच्या तळहातावर पूर्ण ताकदीने दाबली जाते. एक पाय उचलताना दुसरा आपोआप खाली रेटला जातो, ही शरीराची सवयच आहे. याचा अर्थ मेंदूपासून पायापर्यंतची वाट मोकळी आहे, पण लक्ष देऊन ठरवून केलेली हालचाल त्या वाटेने जात नाही. अमेरिकेतील डॉक्टर चार्ल्स फ्रँकलिन हूवर यांनी ही खूण १९०८ साली मांडली, तेव्हा ढोंग पकडणे हाही तिचा एक हेतू होता. आज एडिनबरोचे मेंदुविकारतज्ज्ञ जॉन स्टोन यांच्यासारखे डॉक्टर हीच खूण रुग्णाला मुद्दाम दाखवतात, कारण आपल्याच पायात ताकद आलेली पाहिल्यावर बिघाड कुठे आहे आणि फिजिओथेरपीत लक्ष दुसरीकडे वळवून हालचाल का करून घेतात, हे त्याला पटते. इथे निदान ‘दुसरे काही सापडले नाही म्हणून’ केलेले नसते, तर ठोस खुणेवर उभे असते.

‘पण डॉक्टरांकडून काही निसटले असेल तर?’ ही भीती अनाठायी नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात हिस्टेरियाचे (अशा लक्षणांना तेव्हा हेच नाव होते) निदान झालेल्या ८५ जणांचा पाठपुरावा एलियट स्लेटर यांनी १९६५ साली मांडला, तेव्हा त्यांतल्या अनेकांना दुसरेच आजार असल्याचे उघड झाले होते. स्टोन आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या आढाव्यानुसार मात्र १९७० नंतरच्या अभ्यासांत अशा चुकांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर आले आहे.

निदान न सापडणे आणि निदान नाकारणे यांतला फरक ज्या आजारात सर्वांत क्लेशकारक ठरला, तो म्हणजे एमई, म्हणजेच मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी मिळून जवळपास ३०० जण थकवा, स्नायुदुखी आणि अशक्तपणाने आजारी पडले व रुग्णालय काही महिने बंद ठेवावे लागले. पंधरा वर्षांनी दोन मनोविकारतज्ज्ञांनी केवळ जुनी कागदपत्रे वाचून याला सामूहिक हिस्टेरिया ठरवले, आणि आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त असणे हा त्यांचा एक आधार होता. एकाही रुग्णाला न तपासता काढलेल्या या निष्कर्षाची किंमत पुढच्या दोन पिढ्यांतल्या रुग्णांनी मोजली, असे मला वाटते. या आजारात श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी प्रकृती कोसळते, आणि ‘थोडे चाला-फिरा, बरे वाटेल’ हा सल्ला नेमका तिथेच घात करतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यायच्या व्यायामाची शिफारस मागे घेतली आणि उपलब्ध ताकदीच्या आत राहून दिवस आखण्यावर भर दिला. दीर्घ कोविडच्या अनेक रुग्णांमध्येही श्रमानंतरची हीच घसरण दिसते.

निदान हाती नसतानाही उपचार थांबवावे लागत नाहीत. झोप, वेदना, चक्कर यांवर स्वतंत्रपणे काम करता येते. लक्षण केव्हा सुरू झाले, त्याआधीच्या दोन दिवसांत काय केले होते आणि कशाने उतार पडला, याची वहीत केलेली छोटी नोंद डॉक्टरांना जाडजूड फाइलपेक्षा अधिक सांगते. दर महिन्याला नवा डॉक्टर गाठण्यापेक्षा सगळी हकिगत ठाऊक असलेला एक डॉक्टर धरून ठेवावा, कोणती तपासणी पुन्हा कधी करायची हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे आणि पुढच्या भेटीची तारीख लक्षणे वाढण्यावर अवलंबून ठेवू नये. विनाकारण वजन घटणे, रोजचा ताप, शौचातून रक्त जाणे, नव्यानेच आलेला लुळेपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही दिसले, तर मात्र त्या तारखेची वाट न पाहता लगेच तपासून घ्यावे, मग मागचे सगळे रिपोर्ट कितीही नॉर्मल असोत.