जुन्या कॉम्प्युटरचं टेस्टिंग टेबल

बाद झालेला डेस्कटॉप किंवा लॅपटॉप मोडीत न घालता त्यातूनच इलेक्ट्रॉनिक्स रिपेरीसाठी पॉवर सप्लाय, सीआरओ (व्होल्टेजची वेव्ह स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) आणि सिग्नल जनरेटर (तपासणीसाठी वेव्ह तयार करून देणारं यंत्र) तयार करून घ्यायचे, अशी ही पद्धत. जगभर चालते, पण बेळगाव सीमाभागात तिची गरज जरा जास्तच आहे. उद्यमबागेत फाउंड्री आणि हायड्रॉलिकची वर्कशॉपं, वडगाव-शहापूरला माग, चिकोडी-अथणीकडं उसाच्या पंपांचे स्टार्टर, सगळीकडं कुठलं ना कुठलं बोर्ड जळत असतं आणि ते गल्लीतल्याच कुणाकडं तरी येतं. व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) १९९८ पासून बेळगावातच, त्यामुळं डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पोरंही भरपूर, पण सीआरओ बघायला मिळतो तो लॅबमध्ये, आणि कॉलेज संपलं की तो सुटतो तो सुटतोच. दुसरीकडं "हळे कब्बिण, हळे पेपर" (जुनं लोखंड, जुने पेपर) ओरडत जाणाऱ्या गाड्यावर रोज एखादा कॅबिनेट पडलेला दिसतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे हे असले कॅबिनेट आता आणखी निघणार.

सगळ्यात आधी उपयोगी पडतो तो एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स स्टँडर्ड आणलं, तेव्हापासून वायरींचे रंग बहुतेक ठिकाणी तेच आहेत: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, निळी उणे १२, जांभळी ५ व्होल्ट स्टँडबाय, काळी ग्राउंड. हिरवी वायर काळीला जोडली की सप्लाय चालू होतो, म्हणून त्या दोघींमध्ये एक साधा स्विच टाकायचा. काही जुने सप्लाय लोड नसेल तर उभेच राहत नाहीत, एकदा पंखा हलल्यासारखा करतो आणि गप्प, त्यासाठी लाल आणि काळीत १० ओहम १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर कायमचा बसवतात, अर्धा अँपिअर त्यातून जात राहतो आणि सप्लाय खूश. तो तापतो, म्हणून पत्र्याला टेकवून पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचा.

पण एसएमपीएस म्हणजे बेंच सप्लाय (रिपेरीच्या टेबलावरचा खास सप्लाय) नव्हे, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. बेंच सप्लायला करंटची मर्यादा लावता येते, ह्याला येत नाही. १२ व्होल्टच्या लाईनीवर १५-१८ अँपिअर द्यायची त्याची तयारी असते, आणि तुमच्या बोर्डात शॉर्ट असेल तर सप्लाय ट्रिप व्हायच्या आधी बोर्डाचा ट्रॅकच उडालेला असतो. यावर सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पिवळ्या वायरीच्या सिरीजमध्ये १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब. बाईकच्या इंडिकेटरचा १० वॅटचा लावला तर शॉर्टमध्येही ०.८ अँपिअरच्या वर जात नाही, कारच्या २१ वॅटच्या बल्बनं पावणेदोन अँपिअर. बल्ब भक्कन पेटला की समजायचं शॉर्ट आहे, मीटर बघायचीसुद्धा गरज नाही. हे म्हणजे आपल्या २३० व्होल्टच्या सिरीज बोर्डाचंच (वस्तूच्या सिरीजमध्ये बल्ब लावलेल्या बोर्डाचं) धाकटं भावंड. मधले व्होल्टेज पाहिजे असतील तर एलएम२५९६ चं (व्होल्टेज कमी करून देणाऱ्या आयसीचं) छोटं बोर्ड १२ वर लावून खालचं काहीही काढता येतं. सप्लायचं झाकण मात्र गरज नसताना उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसंच राहतं.

अर्थिंगचं वेगळं सांगायला पाहिजे. आमच्याकडं जुन्या घरांत, खेड्यावर तर विचारूच नका, प्लगला तीन पिना असतात पण तिसरी कुठंच गेलेली नसते. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, अर्थिंग नसली की कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. करंट अगदी कमी, हाताला नुसत्या झिणझिण्या येतात, लोक म्हणतात "पीसी करंट मारायलाय", पण तेवढ्यावर मॉस्फेटचं (एक प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं) नाजूक गेट आरामात मरतं. टेबल मांडायच्या आधी अर्थिंग करून घ्या, बाकी सगळं नंतर.

आता सीआरओ. कॉम्प्युटरचं साउंड कार्ड म्हणजे मुळात सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा व्होल्टेज मोजणारा मीटरच. निळ्या लाईन-इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या सॉकेटमध्ये) डावा आणि उजवा असे दोन चॅनल मिळतात (गुलाबी माइकचं सॉकेट टाळावं, ते बहुतेक मोनो असतं आणि त्यात माइकसाठीचं व्होल्टेज बाहेर येत असतं). लिनक्सवर एक्सऑस्कोप हा प्रोग्राम टाकला की स्क्रीनवर वेव्ह दिसायला लागते, नुसतं रेकॉर्ड करून निवांत बघायचं असेल तर ऑडॅसिटीसुद्धा चालतं. स्पीकरच्या हिरव्या सॉकेटमधून साइन, स्क्वेअर पाहिजे ती वेव्ह बाहेर काढली की तोच सिग्नल जनरेटर.

लाईन-इनला साधारण एक व्होल्टच सोसतं, म्हणून मध्ये एक छोटी डबी करावी लागते: सुरुवातीला १ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा कपॅसिटर, मग १०० किलोओहमचा रेझिस्टर, तिथून ग्राउंडला १० किलोओहम, आणि त्याच जागी वन एन ४१४८ चे दोन डायोड उलटसुलट, म्हणजे काही चुकलं तरी कार्डाला अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर काही जात नाही. कागदावर हे अकराला एक होतं पण कार्डाचा स्वतःचा रेझिस्टन्सही बऱ्याचदा १० किलोओहमच्या आसपास असतो, तो समांतर आला की हिशोब वीस-एकवीसला एक होतो, म्हणून कॅलिब्रेट केल्याशिवाय (माहीत असलेल्या व्होल्टेजशी जुळवल्याशिवाय) आकड्यावर विश्वास ठेवू नये. ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, सेकंडरी मल्टीमीटरच्या एसीवर मोजायची, समजा ६.५ आली तर टोक ते टोक १८.४ व्होल्ट झाले, तीच वेव्ह स्क्रीनवर आणून तिथली पट्टी १८.४ ला बसवायची. झालं. व्हॉल्यूमचा स्लायडर त्यानंतर हलवायचा नाही, मी तर त्या जागेचा फोटो काढून ठेवलाय.

याचा फायदा कुठं होतो ते बघा. गणपतीच्या आधी ॲम्प्लिफायरची रांग लागते, वर्षभर मंडळाच्या खोलीत ओल खात पडलेले असतात. मागच्या खेपेला एक आला, आवाज चांगला पण मागं सारखी घरघर. मीटरवर प्लस ३२, मायनस ३३, म्हणजे तसं बरोबरच. अशा वेळी सरसकट मोठे कपॅसिटर बदलले जातात. डबी लावून लॅपटॉपवर बघितलं तर मायनसच्या लाईनीवर रिपलचे (डीसीवर उरलेल्या एसीच्या लाटांचे) उंचवटे १० मिलिसेकंदावर येत होते, प्लसच्या लाईनीवर मात्र २० वर. ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) नीट असेल तर ५० हर्ट्झच्या दोन्ही अर्ध्या वेव्ह वापरल्या जातात आणि रिपल १०० हर्ट्झचा, म्हणजे १० मिलिसेकंदाचा येतो. २० दिसला म्हणजे एक अर्धी वेव्ह गायब. कपॅसिटर सुकलेला असता तर अंतर १० च राहिलं असतं, फक्त उंचवटे मोठे झाले असते. बोर्ड उलटं करून भिंग लावलं, एका डायोडच्या पायाभोवती डागाला (सोल्डरच्या जोडाला) केसाएवढी गोल चीर. नवीन डाग मारला, घरघर बंद, पार्ट एकही लागला नाही. साउंड कार्ड डीसी दाखवत नाही ही त्याची मोठी कमी म्हणून सांगतात, पण इथं तीच कामाला आली, ३२ व्होल्ट आपोआप गाळले गेले आणि वरचा रिपल तेवढा मोठा होऊन समोर आला.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत. ४८,००० च्या सॅम्पलिंगला २४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच दिसू शकत नाही, प्रत्यक्षात २० धरून चालावं. ५ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिली तर तिचा १५ चा हार्मोनिक (मूळ वेव्हच्या पटीतली वेव्ह) येतो, २५ चा येत नाही, आणि चांगली चौकोनी वेव्ह गोलसर दिसते, तो दोष सर्किटचा समजून लोक तासन्‌तास शोधत बसतात. मोबाइल चार्जरचं स्विचिंग यावर बघायचा नाद करू नये. टीव्हीच्या रिमोटचा ३८ किलोहर्ट्झचा कॅरिअर (सिग्नल वाहून नेणारी वेव्ह) दिसणार नाही, पण टीएसओपी १७३८ हा रिमोटचा रिसीव्हर ५ व्होल्टवर लावून त्याचं आउटपुट घेतलं तर एनईसी पद्धतीच्या (रिमोटच्या एका कोडच्या) रिमोटचा सुरुवातीचा ९ मिलिसेकंदाचा पल्स आणि त्यानंतरची साडेचार मिलिसेकंदाची मोकळी जागा स्वच्छ दिसते, आणि शाळेतल्या पोरांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही.

जुन्या डेस्कटॉपला २५ पिनांचा पॅरलल पोर्ट असेल तर पाच इनपुट आणि आठ आउटपुट लाईनी फुकट मिळतात, पूर्वी यावर लॉजिक ॲनालायझर (अनेक डिजिटल लाईनी एकाच वेळी दाखवणारं यंत्र) करायचे. आता आठ चॅनलचा स्वस्त यूएसबी ॲनालायझर आणि सिगरॉकचं पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर त्याहून बरं, आणि जुना पीसी ते आरामात चालवतो.

ग्राउंडचं शेवटी सांगतोय म्हणून कमी समजू नका. साउंड कार्डाचं ग्राउंड म्हणजेच कॅबिनेट, म्हणजेच अर्थिंग. प्रोबचा (मोजायच्या वायरीचा) ग्राउंडचा चिमटा जिथं लावाल ती जागा थेट अर्थ होते. कार स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, टेबलाचं ग्राउंड आणि पीसीचं ग्राउंड एकच असताना चिमटा त्यातल्या एकीला लावला की आयसी गेली. टीव्हीच्या किंवा चार्जरच्या लाईटकडच्या (२३० व्होल्टच्या) भागाला ही डबी कधीच लावायची नाही, कितीही रेझिस्टर घातले तरी नाही. जुना लॅपटॉप म्हणूनच मला डेस्कटॉपपेक्षा आवडतो, चार्जर काढला की तो तरंगता होतो, म्हणजे अर्थशी त्याचा संबंध राहत नाही, आणि लो व्होल्टेजच्या बोर्डावर चिमटा कुठंही लावता येतो. मेनला तोही चालत नाही, कारण मग लॅपटॉपचे सगळे पत्र्याचे पोर्ट मेनवर जातात आणि तुमचा हात कीबोर्डवर असतो. जुनी बॅटरी पंधरा मिनिटं टिकली तरी एक रीडिंग घ्यायला पुरते. फक्त ती फुगलेली असेल, टचपॅड वर उचललेलं दिसत असेल, तर टोचू नका, दाबू नका, काढून ई-वेस्ट घेणाऱ्याकडं द्या आणि दुसरी मिळेपर्यंत तो लॅपटॉप नुसता जनरेटर म्हणून वापरा.