वैरणीची पचनीयता

जनावराने खाल्लेल्या वैरणीतील शुष्क पदार्थांपैकी (पाणी वगळून उरणाऱ्या भागापैकी) जेवढा हिस्सा शेणावाटे बाहेर पडत नाही, त्याला वैरणीची पचनीयता म्हणतात. ती टक्क्यांत सांगतात. वैरणीचे पोषणमूल्य ठरवताना पचनीयता, कच्ची प्रथिने आणि जनावर ती वैरण किती खाऊ शकते, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. नुसते वजन फसवे असते. २० टक्के शुष्क पदार्थ असलेल्या २५ किलो हिरव्या संकरित नेपिअर गवतातून ५ किलो शुष्क पदार्थ मिळतो. ९० टक्के शुष्क पदार्थ असलेल्या ६ किलो कडब्यातून ५.४ किलो. तरीही दूध नेपिअरवर जास्त निघते, कारण कडब्यातला मोठा भाग न पचताच शेणात जातो.

सर्वांत विश्वासार्ह मोजमाप प्रत्यक्ष जनावरावरच होते. सारख्या वजनाची किमान चार जनावरे घेऊन त्यांना दोन ते तीन आठवडे फक्त तीच वैरण देतात, म्हणजे पोटातील आधीचा चारा निघून जातो आणि कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) जिवाणू नव्या वैरणीला सरावतात. पुढचे साधारण ७ दिवस घातलेली वैरण, गव्हाणीत उरलेली वैरण आणि शेण रोज ठरल्या वेळी तोलतात. दिवसाला ८ किलो शुष्क पदार्थ पोटात गेला आणि शेणात ३.२ किलो सापडला, तर पचनीयता ६० टक्के. उरलेल्या वैरणीचा नमुना वेगळा तपासणे अत्यावश्यक आहे. जनावर पाला आधी खाते आणि जाड ताटे मागे ठेवते, त्यामुळे घातलेली आणि खाल्लेली वैरण एकसारखी नसते. प्रथिने मोजण्यासाठीचे शेण ओलेच, सौम्य गंधकाम्ल घालून ठेवतात. वाळवल्यास त्यातील नत्र अमोनिया होऊन उडतो.

सगळे शेण गोळा करणे शक्य नसेल, तर नमुना जाळून उरणाऱ्या, आम्लात न विरघळणाऱ्या राखेवरून हिशेब करतात. ही राख पचत नाही. वैरणीत ती २ टक्के आणि शेणात ५ टक्के आली, तर पचनीयता पुन्हा ६० टक्केच निघते. मात्र शेण मातीवरून उचलले, तर मातीची राख त्यात मिसळते आणि पचनीयता खरीपेक्षा जास्त दिसते.

प्रयोगशाळेत नमुना ६० ते ६५ अंश सेल्सिअसला वाळवून १ मिलिमीटर चाळणीतून जाईल इतका दळतात. जास्त तापवल्यास प्रथिने शर्करेशी बांधली जातात आणि मोजमापात ती लिग्निनसारखी (ताट कडक करणाऱ्या, न पचणाऱ्या घटकासारखी) दिसतात. मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) वाळवताना आम्ले उडून जातात, म्हणून त्याचा शुष्क पदार्थ कमी भरतो. कच्ची प्रथिने म्हणजे केल्डाल या नत्र मोजण्याच्या पद्धतीने काढलेला नत्र गुणिले ६.२५. व्हॅन सोएस्ट या संशोधकाच्या पद्धतीत उदासीन डिटर्जंटमध्ये उकळून उरणारा तंतू (एनडीएफ) वैरण किती खाल्ली जाईल ते सांगतो, तर आम्लयुक्त डिटर्जंटमध्ये उरणारा तंतू (एडीएफ) ती किती पचेल याचा अंदाज देतो. रूढ सूत्र असे: पचनीय शुष्क पदार्थ = ८८.९ – (०.७७९ × एडीएफ टक्के). एडीएफ ३० टक्के असेल तर ६५.५ आणि ४० टक्के असेल तर ५७.७. १२० ला एनडीएफच्या टक्क्यांनी भागले की जनावर स्वतःच्या वजनाच्या किती टक्के शुष्क पदार्थ खाईल ते कळते. ६० टक्के एनडीएफला २ टक्के, म्हणजे ४०० किलोच्या गाईला ८ किलो. ही सूत्रे मुख्यतः लसूणघास आणि थंड हवामानातील गवतांवरून बसवलेली आहेत. भाताचा पेंढा किंवा उसाचे वाढे यांना ती जशीच्या तशी लावू नयेत. पेंढ्यातील सिलिका (वाळूसारखे खनिज) पचन अडवते, पण सूत्राला ती नीट दिसत नाही.

टिली आणि टेरी या संशोधकांनी १९६३ मध्ये मांडलेली पद्धत प्रत्यक्ष पचनाच्या अधिक जवळ जाते. नमुना ४८ तास कोटीपोटातील द्रवात आणि नंतर ४८ तास आम्ल-पेप्सिनमध्ये (पेप्सिन म्हणजे जठरात प्रथिने पचवणारे विकर) ३८–३९ अंशाला ठेवतात. द्रव थंड पडला किंवा त्याला हवा लागली, तर जिवाणू मरतात आणि सगळीच वैरण निकृष्ट ठरते. म्हणून प्रत्येक फेरीत पचनीयता ठाऊक असलेला एक नमुना आणि एक वैरणविरहित नळी ठेवावीच लागते.

पचनीयतेवर सर्वाधिक परिणाम कापणीच्या वेळेचा होतो. पीक फुलोऱ्यापलीकडे गेले की पाल्याचे प्रमाण घटते आणि ताटात लिग्निन भरते.  मात्र ज्वारीच्या बाबतीत कोवळेपणाचा मोह धोक्याचा आहे. फुलोऱ्याआधीच्या, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीमुळे हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होऊ शकते. वैरणीत प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंना नत्र अपुरा पडतो, तंतू पोटात रेंगाळतो आणि जनावर पोट भरलेले असूनही खंगते. कडबा आणि गव्हाचा भुसा याच गटात मोडतात.

१०० किलो भुशाला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून फवारतात आणि ढीग २१ दिवस हवाबंद ठेवतात. त्यानंतर प्रथिनांचा आकडा जवळपास दुप्पट येतो, पण त्यातला बराच भाग अमोनियाच्या रूपातील नत्र असतो. एडीएफ फारसा हलत नाही, त्यामुळे सूत्रावरून सुधारणा झालीच नाही असे वाटते. तंतू सैल झाला की नाही, हे जनावराच्या कोटीपोटात ४८ तास ठेवलेल्या नायलॉनच्या पिशवीतील भुशाच्या घटलेल्या वजनावरून कळते.