ग्लोरँथाचा पुराणेतिहास

अमेरिकन खेळरचनाकार ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) यांनी निर्माण केलेल्या ग्लोरँथा या कल्पित जगाच्या आरंभकाळाविषयीच्या दैवतकथा, वंशावळ्या आणि कालगणना यांचा समुच्चय. ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) आणि नंतरचे काही रोलप्लेइंग गेम (प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो असे खेळ) या जगात घडतात. खेळासाठी प्राचीन पुराणे रचण्याचे हे सर्वांत विस्तृत उदाहरण नसेलही; पण पुराणे काढून घेतली तर खेळच उभा राहू नये, इतकी ती नियमांत भिनल्याचे दुसरे उदाहरण सापडणे अवघड.

संज्ञा : मराठीत अशा सामग्रीला मिथक, पुराकथा, दैवतकथा असे शब्द वापरतात. येथे ‘पुराणेतिहास’ हा जोडशब्द योजला आहे, कारण ग्लोरँथात देवांच्या लढाया आणि राजांची सनावळी एकाच धाग्यात ओवलेली आहे. पुराणाची परंपरेने सांगितलेली पाच लक्षणे (सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर, वंशानुचरित) लावून पाहिली, तर पाचही येथे कमीअधिक प्रमाणात भेटतात. आपल्याकडच्या कित्येक महापुराणांना ही कसोटी पुरती लागू पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

उगम : ग्लोरँथाचा आरंभ सामान्यतः १९६६ हा धरतात. त्या वर्षी विस्कॉन्सिनमधील बेलॉइट कॉलेजात शिकत असताना स्टॅफर्ड यांनी या जगातील पहिल्या गोष्टी लिहिल्या. दैवतकथा वाचण्याचा त्यांना नाद होता, आणि या गोष्टी प्रथम स्वतःसाठीच लिहिलेल्या होत्या. १९७५ मध्ये त्यांनी केऑसियम ही प्रकाशनसंस्था काढून ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ हा पटावरचा युद्धखेळ बाजारात आणला, तेव्हा हे जग प्रथम लोकांसमोर आले. काही अभ्यासक म्हणूनच १९७५ हे वर्ष अधिक विश्वसनीय मानतात. छापील पुरावा तेथून सुरू होतो. दोन्ही तारखा आपापल्या जागी खऱ्या आहेत. १९६६ च्या लेखनात खेळ नव्हता आणि १९७५ च्या खेळात रोलप्लेइंग नव्हते. ते १९७८ मध्ये स्टीव्ह पेरिन व सहकाऱ्यांनी ‘रूनक्वेस्ट’चे नियम बांधले तेव्हा आले.

खेळासाठी रचलेल्या पुराणांत ज्येष्ठत्वाचा मान ग्लोरँथाला द्यावा का, हा वाद जुना आहे. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे आणि उर्दूचे पाठ्यपुस्तक लिहिणारे एम. ए. आर. बार्कर यांचे टेकुमेल हे जग त्यांच्या बालपणापासूनचे, म्हणजे ग्लोरँथाहून वयाने बरेच मोठे. त्यावरचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळरचनाकार डेव्ह अर्नेसन यांचे ब्लॅकमूर हे जग तर १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रत्यक्ष खेळले जात होते. मात्र ब्लॅकमूरचा गतकाळ गरजेप्रमाणे, खेळता खेळता जोडला गेला. टेकुमेलमध्ये भाषा आधी आल्या, देव त्यांच्या मागून आले. कथा हाच पाया मानायचा असेल, तर ग्लोरँथाचा दावा अधिक बळकट ठरतो.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. सर्वांत आधी लिहिलेला भाग जेनेर्टेला खंडाच्या पश्चिमेकडील राज्यांचा आहे. वाचकांना परिचित असलेले ड्रॅगन पास, सार्टर आणि प्रॅक्स हे प्रदेश पटावरच्या खेळाच्या निमित्ताने मागाहून घडले. तरीही दशकानुदशके छापून आले ते याच प्रदेशांविषयी. पश्चिमेची पुराणे वहीत पडून राहिली. त्यांचा सलग म्हणावा असा वृत्तांत ‘गाइड टु ग्लोरँथा’च्या दोन खंडांत (२०१४) मिळतो, आणि तोही ड्रॅगन पासकडच्या प्रदेशांच्या तुलनेत रोडच आहे.

कालरचना : या पुराणेतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातला काळ मध्येच जन्माला येतो. त्याआधीच्या देवयुगाचे हरितयुग, सुवर्णयुग, वादळयुग आणि अंधारयुग असे टप्पे सांगितले जातात. पण त्यांना सन नाहीत, आणि त्यांचा क्रमही सर्वत्र एक नाही. वादळदेव ओर्लान्थ सूर्यसम्राट येल्मला ठार करतो, जग अंधारात बुडते, विनाशकारी शक्ती मोकाट सुटतात. मग ओर्लान्थ आणि त्याचे साथी पश्चिमेच्या वाटेने पाताळात उतरतात. या सात ‘प्रकाशवाहकां’त व्यापाराचा देव इसारीज, विद्येचा ल्हंकोर म्ही, आरोग्याची देवी चलाना अरॉय, उपद्व्यापी युर्मल आणि एक साधा माणूसही आहे. पाताळात ओर्लान्थ येल्मशी समेट करतो. अरॅक्ने सोलारा ही देवी त्या विनाशकारी शक्तींतल्या दैत्याला आपल्या जाळ्यात पकडून गिळते, आणि तिच्या पोटी काळ जन्मतो. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतो. या पहाटेपासून सौर शक सुरू होतो.

या समेटाची अट अशी, की काळ सुरू झाल्यावर देवांनी मनाला येईल तसे वागायचे नाही. त्यांनी पूर्वी जे केले तेच ते करत राहतील; नवे काही करायचे तर ते माणसांनी. रचनाकाराच्या दृष्टीने ही अट फार सोयीची आहे. खेळाडूंच्या पात्रांपुढे देव येऊन सगळे काम उरकून टाकत नाही, आणि तरीही देव खरे राहतात.

पहाटेनंतरच्या कालगणनेत मात्र आकडे आहेत. सु. ३७५ मध्ये न्यासालोर हा देव माणसांनी घडवला, सु. ४५० मध्ये अर्काट या वीराने त्याचा अंत केला. न्यासालोरला त्याचे शत्रू ग्बाजी म्हणत. या दोघांपैकी खरा कपटी कोण, हे ग्रंथ मुद्दामच सांगत नाहीत. ११२० मध्ये ड्रॅगन पासवर चालून गेलेली सैन्ये ड्रॅगननी संपवली. रूनक्वेस्टच्या २०१८ च्या आवृत्तीत पात्रांची साहसे सु. १६२५ मध्ये सुरू होतात.

दारा हॅपा या सूर्यपूजक साम्राज्याला मात्र ही बिनसनाची पूर्वपीठिका मान्य नाही. त्यांच्या गणनेत पहाटेपूर्वीही लाखाहून अधिक वर्षे मोजलेली आहेत. ‘ग्लोरियस रिॲसेंट ऑफ येल्म’ हा ग्रंथ सम्राट खोर्दावूच्या पदरी असलेल्या प्लेंटोनियसने संकलित केला, अशी त्याची मांडणी आहे; म्हणजे पुस्तकाचा कर्ताही कल्पितच. हा प्लेंटोनियस धन्याचा वंश थेट सूर्याला नेऊन भिडवतो आणि मधल्या रिकाम्या जागा सम्राटांच्या नावांनी भरतो. बखरींचे आणि राजवंशावळींचे आरंभ वाचलेल्या मराठी वाचकाला ही रीत नवी वाटणार नाही. स्टॅफर्ड यांनी येथे प्राचीन इतिहास रचला आहेच, शिवाय असा इतिहास रचणारा माणूसही रचला आहे.

पाठभेद : येल्मच्या मृत्यूची हकीकत कोणाच्या तोंडून ऐकावी यावर तिचा अर्थ बदलतो. ओर्लान्थच्या भक्तांच्या कथेत मृत्यू ही तलवार आहे. ती युर्मलच्या लबाडीने जगात येते, हुमाक्त या मृत्युदेवाच्या हाती पडते, आणि ओर्लान्थ ती घेऊन जुलमी सम्राटाशी स्पर्धेला उतरतो. त्याने पुढे चूक कबूल करून ती निस्तरली, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण मानले जाते. सूर्यपूजकांच्या कथेत ओर्लान्थ हे नावही येत नाही. मारेकऱ्याला ते ‘रेबेलस टर्मिनस’ म्हणतात आणि घटनेला राजद्रोह. तिसरी कथा ट्रोल या मानवेतर जमातीची. ते मूळचे पाताळवासी. तिथला अंधार हे त्यांचे सुखाचे घर. मेलेला सूर्य धगधगत वरून नेमका त्याच घरात कोसळला आणि त्यांना भाजून, हुसकून पृथ्वीवर यावे लागले. ज्याला दोन्ही मानवसमाज सूर्याचा मृत्यू म्हणतात, त्याला ट्रोल सूर्याची स्वारी म्हणतात.

ही अनेकता पहिल्यापासून योजलेली होती की छपाईच्या ओघात आली, याबद्दल दोन मते आहेत. स्टॅफर्ड यांचा दैवतकथांचा व्यासंग पाहता ती योजलेली होती, हे मत अधिक प्रचलित आहे. प्रकाशनांचा क्रम पाहिला तर दुसऱ्या मताकडेही दुर्लक्ष करता येत नाही, आणि एल्मलचे प्रकरण त्या बाजूने बोलते. रूनक्वेस्टच्या आरंभीच्या पुस्तकांत येल्मालिओ हा सूर्यकुळातला देव आहे. सुवर्णटेकडीवरच्या लढाईत झोराक झोरान या ट्रोलदेवाने त्याची अग्निशक्ती हिरावून घेतली. तेव्हापासून येल्मालिओच्या भक्तांना प्रकाश मिळतो पण आग मिळत नाही, आणि नियमांतही तसेच आहे. १९९० च्या दशकातील लेखनात एल्मल पुढे आला. तो ओर्लान्थच्या घरचा निष्ठावंत सूर्यदेव. मालक पाताळात गेला असताना वाडा राखून बसलेला. एल्मल कागदावर नंतर आला, पण ओर्लान्थच्या लोकांत त्याची पूजा येल्मालिओपेक्षा जुनी ठरवण्यात आली. अलीकडच्या पुस्तकांत त्याचे महत्त्व पुन्हा कमी करून त्याला येल्मालिओचेच एक रूप मानण्याकडे कल आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे एल्मलभक्त पात्र खेळवले त्यांना हे अर्थातच रुचलेले नाही. निर्मात्याच्या नव्या लेखनाने आपले जुने जग खोटे ठरण्याला चाहत्यांनी स्टॅफर्ड यांच्या पहिल्या नावावरून ‘ग्रेग्ड’ होणे असे क्रियापदच बनवले. त्यावर उतारा म्हणून ‘तुमचा ग्लोरँथा वेगळा असेल’ हे घोषवाक्य रूढ झाले. ‘किंग ऑफ सार्टर’ (१९९२) हे पुस्तक तर परस्परविरोधी कागदपत्रांचे जुडगेच आहे, आणि ते जुळवण्याचा खटाटोप करणारे अभ्यासकही त्या जगातलेच.

सर्व पाठ एका सूत्रात बसवण्याचा मोह ग्लोरँथाच्या इतिहासातच शिक्षेला पात्र ठरला आहे. पहाटेनंतरच्या दुसऱ्या युगातील गॉड लर्नर या पंथाने साऱ्या देवांचे एक कोष्टक केले. त्यांच्या एकसूत्री कथेला ‘मोनोमिथ’ म्हणतात. हा शब्द दैवतकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांच्या लेखनामुळे प्रसिद्ध झालेला, त्यामुळे त्यामागचा टोला लपत नाही. गॉड लर्नरांनी दोन प्रदेशांच्या धान्यदेवतांची अदलाबदल करून पाहिली. कोष्टकात दोघी एकाच चौकटीतल्या होत्या. शेतात मात्र तसे झाले नाही. पुढे या पंथाचे नामोनिशाण उरले नाही. खंडोबाचे संस्कृत ‘मल्हारी माहात्म्य’ आणि धनगरांच्या ओव्यांतली बाणाई शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्याला यातली खोच चटकन कळते. गंमत म्हणजे खेळाच्या पुस्तकांत नवख्या वाचकाला ओळख म्हणून प्रथम दिला जातो तो हाच मोनोमिथ.

खेळातील उपयोग : रूनक्वेस्टमध्ये जादू पंथातून मिळते, आणि पंथाला आधार कथेचा असतो. ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ (१९७९) या पुस्तकाने प्रत्येक पंथाच्या नोंदीचा साचा घालून दिला : काळापूर्वीची कथा, काळानंतरचा इतिहास, मरणोत्तर गती, दीक्षेच्या अटी, मित्रपंथ आणि मग मंत्र. कोणता पंथ कोणत्या मित्रपंथाकडून कोणता मंत्र उसना घेतो, हेही पुराणातल्या उपकारावर ठरते. मधूनमधून एका फिरत्या व्यापाऱ्याची रोजनिशी येते. पंथ बाहेरच्या माणसाला कसा दिसतो ते त्या रोजनिशीतून जितके कळते, तितके नियमांच्या तक्त्यांतून कळत नाही.

‘हीरोक्वेस्ट’ हा विधी याच्या पुढची पायरी. त्यात माणूस देवाची भूमिका घेऊन देवयुगात शिरतो आणि कथेतील प्रसंगांतून जातो. ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ (१९९९) या संगणकीय खेळात हे फार चांगले साधले आहे. कुळाचा कारभार चालवताना खेळाडूने पुराणकथा वाचून ठेवायची असते. विधी सुरू झाला की पडद्यावर प्रसंग येतो आणि पुढे काय करायचे याचे पर्याय विचारले जातात. कथा नीट आठवत नसेल तर सरदार जखमी होऊन परततो किंवा परतच येत नाही. पण प्रसंग दरवेळी कथेबरहुकूम घडेलच असे नाही. पाठांतर केलेला खेळाडूही मधे अडखळतो.

अन्य जगांतील प्रघात : इतरत्र पुराणे बहुधा नियमांच्या मागून चालतात. फरगॉटन रेल्म्स या जगात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग गेमची दुसरी आवृत्ती (१९८९) आली तेव्हा देवांना पृथ्वीवर उतरवणारा संकटकाळ घडवला गेला, आणि चौथ्या आवृत्तीच्या (२००८) वेळी जादूच बिघडवणारे अरिष्ट. नियमपुस्तकातला बदल हा जगातला प्रलय झाला. चौथ्या आवृत्तीत देव आणि आदिम महाभूते यांच्यातले पहाटयुद्धही आले. ते कोणाच्याही मेजावर चालावे इतके सर्वसाधारण आहे, आणि म्हणूनच लक्षात राहत नाही. बेन रॉबिन्स यांच्या ‘मायक्रोस्कोप’मध्ये (२०११) खेळाडू मिळून एका जगाचा इतिहास रचतात. आरंभ आणि शेवट आधी ठरतो, मग मधल्या काळात कोणीही कुठेही भर घालतो.

ग्लोरँथाचा प्रभाव संगणकीय खेळांत कोठवर पोचला हे मोजणे कठीण आहे, पण एक दुवा पक्का आहे. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील ‘मॉरोविंड’चे (२००२) मुख्य रचनाकार केन रोल्स्टन हे त्याआधी रूनक्वेस्टच्या प्रकाशनांचे संपादन करत होते. त्या खेळातली पुस्तके एकमेकांशी जुळत नाहीत. ज्या देवाने जग निर्माण करवले त्याला माणसे उपकारकर्ता म्हणतात आणि बहुतेक एल्फ फसव्या. त्याच मालिकेतील आधीच्या ‘डॅगरफॉल’ला (१९९६) अनेक शेवट होते आणि त्यांतला खरा कोणता हा प्रश्न पुढच्या भागाला सोडवायचा होता. रचनाकारांनी निवड केलीच नाही. काळ काही दिवस दुभंगला आणि सगळे शेवट एकदमच घडले, असे नंतरच्या ग्रंथांत नोंदवले आहे.